रोमचे संगीत, गोव्याचे कंठ

आमच्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षतोडणीची घाई आणि प्रायश्चित्तकाळ बहुधा एकाच सुमारास येतात. दिवसभर मळ्यात कात्री चालवून थकलेली मुले-मुली संध्याकाळी हातपाय धुऊन गीतांच्या सरावाला बसतात. साथीला पेटी, ढोलकी आणि झांजांचा एक जोड. गेल्या प्रायश्चित्तकाळात अशाच एका सरावाला आमचे एक वयोवृद्ध निवृत्त मास्तर येऊन बसले. गीत संपले तेव्हा ते म्हणाले, ‘‘फादर, पोरं गोड गातात, त्याबद्दल वाद नाही. पण आमच्या लहानपणी लॅटिन मिस्सा असायची. चार-चार आवाजांत गायन व्हायचं. ते खरं देवळाचं संगीत. हे आपलं भजन झालं.’’ गायकवृंदातील एका मुलीला ते लागले असावे. ती नम्रपणे, पण ठामपणे म्हणाली, ‘‘पण मास्तर, ते गाणं परक्यांचं होतं ना? त्यात आपलं काय होतं?’’

दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मला त्या वेळी समर्पक उत्तर सुचले नाही. ‘दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे’ असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. पुढे मात्र त्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही. या दोघांनीही ऐकावी अशी एक घटना आपल्या इतिहासात नोंदलेली आहे. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

ही घटना १६६३ सालातील आहे आणि तिचे स्थळ आहे गोवा. जुन्या गोव्यात ३१ जुलैला, संत इग्नेशियस लोयोला यांच्या सणाच्या दिवशी, येशूसंघीयांची उपासना चालली होती. उपस्थितांमध्ये जुझेप्पे मारिया सेबास्तियानी नावाचे एक इटालियन कार्मेलाईट बिशप होते. केरळातील संत थॉमसच्या ख्रिस्ती समाजात १६५३ च्या कूनन क्रुसाच्या शपथेनंतर जी फूट पडली, ती सांधण्यासाठी रोमने त्यांना पाठवले होते. १६६३ च्या जानेवारीत डचांनी कोची जिंकले आणि त्यांना केरळ सोडावे लागले. पुढे १६७२ साली रोममध्ये त्यांचा प्रवासवृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यात या सणाची हकिगत आली आहे.

सेबास्तियानी सांगतात की, त्या दिवशी त्यांनी सात गायकवृंदांचे संगीत वाद्यांच्या अतिमधुर साथीसह ऐकले. ऐकता ऐकता त्यांना आपण रोममध्येच आहोत असा भास झाला आणि तसे त्यांनी तेथील येशूसंघीय वरिष्ठांना बोलून दाखवले. वरिष्ठ म्हणाले की, आपला समज चुकीचा नाही. ही रचना रोमच्या सुप्रसिद्ध कारिस्सिमीची असून ती येथे आणवली आहे. गाणारे मात्र रोमचे नव्हते. ते याच मातीतले ख्रिस्ती होते. पोर्तुगीज त्यांना ‘कानारी’ म्हणत. हे लोक संगीतात किती निपुण आहेत आणि किती सहजतेने गातात, याचे त्या बिशपांना मोठे आश्चर्य वाटले. गोव्यातील ख्रिस्ती वस्तीचे असे एकही गाव नाही की जिथल्या देवालयात ऑर्गन, हार्प, व्हायोल आणि चांगला गायकवृंद नाही, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. सणासुदीला सायंप्रार्थना, मिस्सा आणि लितानी हे लोक भक्तिभावाने गातात, अशीही नोंद त्यांनी केली.

या साक्षीचे मोल कशात आहे? सेबास्तियानी हे येशूसंघीय नव्हते. केरळातील दुहीचा ठपका पुष्कळांनी येशूसंघीय आर्चबिशपांवरच ठेवला होता. शिवाय पोर्तुगीज राजसत्तेला रोमने थेट पाठवलेले प्रतिनिधी आपल्या हद्दीत मुळीच नको असत. म्हणजे गोव्याची आणि तेथील येशूसंघीयांची खोटी स्तुती करण्याचे या गृहस्थांना काही कारण नव्हते. त्यांनी कानांनी जे ऐकले तेच लिहिले, असे मानायला हरकत नाही.

आता हा कारिस्सिमी कोण? आपल्याकडे बाख, हेंडेल, मोझार्ट ही नावे निदान ऐकून ठाऊक असतात. जाकोमो कारिस्सिमी हे नाव क्वचितच कोणाच्या कानावर आले असेल. रोमच्या आग्नेयेस टेकड्यांवर मारिनो नावाचे गाव आहे. आमच्या दिंडोरीसारखेच ते द्राक्षमळ्यांचे गाव. त्या गावी १६०५ साली जाकोमोचा जन्म झाला. वडील दारूची लाकडी पिंपे बनवणारे कारागीर होते. घरात ना धन, ना संगीताची परंपरा. मुलाचा आवाज चांगला म्हणून तो तिवोलीच्या कॅथीड्रलमध्ये गायला लागला, तेथेच ऑर्गन वाजवू लागला आणि पुढे काही काळ असिसीला गायकवृंदाचा प्रमुख झाला. १६२९ च्या अखेरीस, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याची रोमच्या संत अपोलिनारे देवालयात संगीतप्रमुख म्हणून नेमणूक झाली.

हे देवालय येशूसंघीयांच्या ‘कोलेजिओ जर्मानिको’चे होते. जर्मन प्रदेशासाठी धर्मगुरू तयार व्हावेत म्हणून संत इग्नेशियस यांच्या पुढाकाराने १५५२ साली ही सेमिनरी स्थापन झाली होती. कारिस्सिमी येथे आला आणि मरेपर्यंत येथेच राहिला. १६४३ साली थोर संगीतकार मोंतेवेर्दी निवर्तला, तेव्हा व्हेनिसच्या संत मार्क देवालयातील त्याची मानाची जागा कारिस्सिमीला देऊ करण्यात आली. ती त्याने नाकारली. त्याने धर्मगुरुपदाच्या आधीच्या लहान पदांची दीक्षा घेतली होती. सेमिनरीतील मुलांना गाणे शिकवायचे, रविवारी आणि सणाला त्यांच्याकडून ते गाऊन घ्यायचे, असे चव्वेचाळीस वर्षे त्याने केले. उंच, सडपातळ, राहणीत काटकसरी, मित्रांशी उदार आणि स्वभावाने काहीसा उदास, असे त्याचे वर्णन मिळते. १२ जानेवारी १६७४ रोजी तो वारला. म्हणजे गोव्यात त्याची रचना गाइली गेली त्या वर्षी तो हयात होता आणि अठ्ठावन्न वर्षांचा होता. गोव्याचे गायक जुन्या काळातील मान्यवरांचे नव्हे, तर आपल्या समकालीन माणसाचे संगीत गात होते.

कारिस्सिमीचे खरे वैशिष्ट्य त्याच्या ‘ऑरातोरिओ’ या प्रकारात दिसते. हा शब्द प्रार्थनामंदिरावरून आला. संत फिलिप नेरी यांच्या प्रार्थनासभांमध्ये सोळाव्या शतकात भक्तिगीतांची आणि प्रवचनांची जी प्रथा रुजली, तिच्यातून हा प्रकार वाढला. बायबलमधील एखादे आख्यान गाऊन सांगायचे. वेशभूषा नाही, रंगमंच नाही, हावभाव नाही. एक गायक निवेदन करतो, दुसरे गायक पात्रांची वचने गातात, गायकवृंद कधी सैन्य होतो, कधी शोकाकुल जनता. मध्ये प्रवचन असे. आपल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. कीर्तनकार आख्यान लावतो, टाळकरी धृपद उचलतात, मध्येच निरूपण येते, त्याचाच हा दूरचा भाऊबंद म्हणायचा. रोममध्ये प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी पवित्र क्रूसाच्या बंधुसंघाच्या प्रार्थनामंदिरात असे लॅटिन ऑरातोरिओ होत आणि कारिस्सिमीने या संघासाठी काम केले होते. एक उणीव मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे. भाषा लॅटिन असल्यामुळे ते ऐकायला जमे तो मुख्यतः शिकलेला, उच्चकुलीन वर्ग. बाजारातील बाई तेथे फारशी नसे.

त्याची सर्वांत गाजलेली रचना ‘येफ्ते’ ही आहे. आपल्या मराठी बायबलमधील शास्त्यांच्या पुस्तकातल्या इफ्ताहची ती कथा. विजय मिळाला तर घरातून प्रथम जो सामोरा येईल त्याचे होमार्पण करीन, असा नवस इफ्ताह बोलतो. अम्मोन्यांवर जय मिळवून तो परततो आणि डफ वाजवत, नाचत सामोरी येते ती त्याची एकुलती एक लेक. ती बापाला वचन मोडायला सांगत नाही. सख्यांबरोबर डोंगरावर जाऊन शोक करायला फक्त दोन महिने मागते. बायबलमध्ये हा शोक एका वाक्यात आटोपला आहे. कारिस्सिमी तेथेच थांबतो. मुलगी डोंगरांना, दऱ्यांना हाक मारते आणि तिच्या प्रत्येक हाकेचा शेवट दोन सख्यांचे आवाज प्रतिध्वनीसारखे परत करतात. तिचे दुःख जणू डोंगरच बोलू लागतात. शेवटी सहा आवाजांचा वृंद इस्राएलच्या जनतेला तिच्यासाठी रडायला सांगतो. साथीला एवढी थोडी वाद्ये, पण ऐकणारा हलतो. येशूसंघीय विद्वान किर्शर यांनी १६५० साली आपल्या संगीतविषयक ग्रंथात या रचनेची मोठी वाखाणणी केली. पुढे हेंडेलने १७४३ साली लंडनमध्ये सादर केलेल्या ‘सॅमसन’मध्ये याच अखेरच्या वृंदगानाचा आधार घेतला.

असे संगीत गोव्यापर्यंत आले कसे? वाट सरळ होती. कारिस्सिमी येशूसंघीयांच्या सेमिनरीत काम करत होता आणि येशूसंघीयांचे लोक, पत्रे व ग्रंथ रोमहून लिस्बनला आणि तेथून सुमारे सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाने गोव्याला येत असत. पण कागद येणे वेगळे आणि तो गाता येणे वेगळे. सात गायकवृंदांचे संगीत म्हणजे देवालयात निरनिराळ्या ठिकाणी उभे असलेले सात गट. प्रत्येकाचे स्वर वेगळे, कधी एकामागून एक, कधी सर्व एकदम. एक गट मात्रेने चुकला तर सारे कोसळायचे. हे एका सणासाठी घाईने बसवता येत नाही; त्यामागे पिढ्यांची तयारी लागते.

ती तयारी गोव्याच्या धर्मग्रामशाळांनी करून घेतली होती. सोळाव्या शतकापासून देवालयांना जोडलेल्या या शाळांमध्ये मुलांना धर्मशिक्षण, लिहिणे-वाचणे आणि त्याबरोबरच स्वरलिपी व गायन शिकवले जाई. शिकवणारा ‘मेस्त्री’ म्हणून ओळखला जाई आणि सणाच्या दिवशी तोच वृंदाचा प्रमुख असे. या शाळांमागे परकी राजसत्ता होती, धर्मन्यायालयाचा धाक होता आणि स्थानिक रूढींवर, गाण्याबजावण्यावर बंधने होती, हे झाकण्याचे कारण नाही. पण त्या मुलांनी जे आत्मसात केले ते त्यांचे झाले. सेबास्तियानींना ऐकू आलेली सहजता हुकुमाने येत नाही; ती आवडीने येते. या शाळांमधून उतरत आलेली विद्या गोव्याच्या मुलांनी पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांत आणि चित्रपटसंगीतात नेली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावे त्याची साक्ष देतील. दुसरीही एक गोष्ट त्या मुलीसाठी नोंदवून ठेवतो. १६६३ च्या त्या वृंदात तिला जागा मिळाली नसती. त्या काळी देवालयात उंच स्वर मुलगे आणि पुरुषच गात.

आता या कथेचा दुसरा भाग. कारिस्सिमी वारल्यावर त्याच्या हस्तलिखितांची चिंता येशूसंघीयांना लागली. ती कोणी पळवू नयेत म्हणून पोप दहावे क्लेमेंट यांच्याकडून त्यांनी आज्ञापत्र मिळवले. कारिस्सिमीच्या रचना सेमिनरीबाहेर नेणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा होती. याहून मजबूत कुलूप त्या काळी नव्हते. शंभर वर्षे ते टिकले. मग १७७३ साली पोप चौदावे क्लेमेंट यांनी येशूसंघच विसर्जित केला. संस्था गेली, तिच्याबरोबर तिचे भांडार विखुरले आणि कारिस्सिमीच्या स्वतःच्या हातची ती हस्तलिखिते नाहीशी झाली.

मग ‘येफ्ते’ आज ऐकायला कशी मिळते? कारण कारिस्सिमीच्या हयातीत शिष्यांनी, प्रवाशांनी आणि परदेशी संगीतकारांनी ती उतरवून घेतली होती. मार्क-आंत्वान शार्पांतिये हा फ्रेंच तरुण १६६० च्या दशकात रोममध्ये होता; त्याने स्वतःच्या हाताने उतरवलेली ‘येफ्ते’ची प्रत पॅरिसमध्ये आजही आहे. थोडक्यात, कुलपात ठेवलेले हरवले आणि वाटलेले टिकले. गोव्यात येशूसंघीयांवर १७५९ सालीच गदा आली होती. १८३५ मध्ये इतर मठही बंद झाले, जुने गोवे ओस पडले. पण गावोगावच्या देवालयांतील गाणे थांबले नाही. ते कपाटात नव्हते, कंठात होते.

हाच अनुभव आपल्या मराठीलाही आला आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत. आधुनिक वाचक ते डोळ्यांनी वाचतात. त्या काळचे ख्रिस्ती ते देवालयात आणि घरी सुरावर म्हणत. म्हणजे ज्या गोव्यात सणाच्या दिवशी लॅटिन वृंदगान होई, त्याच गोव्यात मराठी ओवीही गाइली जात होती. १६४९ आणि १६५४ मध्ये पुराणाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तर स्थानिक भाषेचा वापर बंद करण्याचा हुकूम काढला. पुराण वाचले ते कर्नाटकाच्या किनाऱ्यावर जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमुळे. त्यांनी त्याच्या प्रती हाताने उतरवल्या, पिढ्यान्‌पिढ्या गाइल्या. त्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला पुराणाची आवृत्ती छापली. रोमचा विद्वान संगीतकार आणि आपला मराठी पुराणकार, दोघेही नकलनविसांमुळे वाचले.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. नवीन सहायक धर्मगुरू असताना एका जुन्या धर्मग्रामात माझी नेमणूक होती. सामान ठेवण्याच्या खोलीत एक लोखंडी पेटी होती. दिवंगत गायकप्रमुखाच्या वह्या तीत होत्या: लॅटिन मिस्सा, पवित्र सप्ताहातील गायन, काही मराठी गीते, सारे त्याच्या हातच्या स्वरलिपीत. वाळवी लागली होती. खोली साफ करायची घाई होती आणि मला ती स्वरलिपी वाचता येत नव्हती. मी त्या वह्या जाळायला सांगितल्या. कोणी विरोध केला नाही, कोणी हळहळलेही नाही. कारिस्सिमीची हकिगत वाचताना मला ती पेटी आठवते. रोमची हस्तलिखिते हरवली त्याचा दोष इतिहासाला देता येतो. ती पेटी माझ्या सांगण्यावरून जळली.

मास्तरांना आणि त्या मुलीला मी आता काय सांगेन? सेबास्तियानींनी गोव्यात ते गाणे ऐकले त्याला बरोबर तीनशे वर्षे झाली तेव्हा, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. त्यात पवित्र संगीताचा वारसा अत्यंत काळजीने जतन करावा आणि वाढवावा असे सांगितले आहे. त्याच प्रकरणात, मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान आणि स्थान द्यावे असेही आहे. आपण बहुधा यातले एक वाक्य उचलतो आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाला ऐकवतो. परिषदेने मात्र दोन्ही एकत्र लिहिली. मास्तर, ते संगीत रोमहून आले म्हणून थोर ठरले नाही; पिंपे बनवणाऱ्याच्या मुलाने रचले आणि आपल्या लोकांनी गाऊन ते आपले केले. आणि मुली, ते सगळेच परक्यांचे नव्हते. कागद त्यांचा होता. श्वास आपला होता.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. मी ही हकिगत सरावाच्या वेळी सर्वांना सांगितली. इफ्ताहच्या लेकीच्या शोकाला डोंगर उत्तर देतात, हे मुलांना फार आवडले. आमच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलांना डोंगराची साद काय असते हे शिकवावे लागत नाही. शुभ शुक्रवारी त्यांनी आपल्याच मराठी शोकगीतात दोन मुलींना मागच्या दाराशी उभे केले आणि ओळीचा शेवट त्या हलकेच परत करू लागल्या. ढोलकी त्या दिवशी अर्थात बंद होती. मास्तर पुढच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. ईस्टरनंतर ते एक वही घेऊन आले. लहानपणी पाठ झालेल्या लॅटिन मिस्सेतील जेवढे आठवते तेवढे ते गाऊन दाखवतात आणि तीच मुलगी ते सारेगममध्ये उतरवून घेते. तीन पाने झाली आहेत.

वाचकहो, आपल्या घरी आजी-आजोबांच्या पेटीत अशी एखादी वही असेल: ओव्यांची, लग्नगीतांची, जुन्या भजनांची, लॅटिन स्तोत्रांची. ती कुलपात जपून ठेवू नका. तिची एक नक्कल करा, ती शेजाऱ्याला द्या, मुलांकडून गाऊन घ्या. आणि आपल्या धर्मग्रामात माझ्यासारखा एखादा घाईतला तरुण धर्मगुरू पेटी साफ करायला निघाला, तर कृपा करून त्याला अडवा.